नाकातला होकार

दादाचं मूत्रपिंड मिळावं म्हणून धाकट्याने जे केलं, ते सख्ख्या भावाशी कुणी करत नाही. पण आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त धुऊन घेणाऱ्या माणसाला लाज परवडत नाही. दादा सहा महिने नुसतं "बघू" म्हणत होता. धाकटा एका प्रयोगशाळेत शिपाई होता आणि तिथल्या संशोधक बाई येणाऱ्या लोकांच्या नाकात संप्रेरकाचा फवारा मारून त्यांचा माणसांवरचा विश्वास वाढतो का, ते तपासत होत्या. त्याने दादाचं नाव गुपचूप यादीत घातलं.

"काही नाही रे दादा, फवारा घ्यायचा आणि कागद भरायचा. वर चहा-बिस्किटं."

बिस्किटांसाठी दादा कुठेही जायचा. पाचव्या दिवशी फवारा घेऊन परतताना तो जिन्यातच थांबला. "घे बाबा माझं एक मूत्रपिंड. मला दोन-दोन कशाला हवीत?" धाकटा तिथेच ढसाढसा रडला. घरी वहिनीने तोंड फिरवलं, पण संमतीपत्रावरच्या सहीची तारीख ठरली.

प्रयोग संपला की बाई सगळ्यांना समोर बसवून खरं काय ते सांगतात, हे मात्र धाकटा साफ विसरला होता. सहीच्या आदल्या दिवशी दादा तिथे हजर. त्याला बघून धाकट्याने घाईघाईने माइकची वायर उपटली. पण बाईंचा आवाज मुळातच खणखणीत.

"या फवाऱ्याने परक्यावरही भरवसा ठेवावासा वाटतो, असा आमचा अंदाज आहे."

दादाचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे माझा होकार तू माझ्या नाकात घातलास?"

"दादा, ऐक तरी!"

"काय ऐकू? सख्खा भाऊ असून गळा कापतोस! सही-बिही काही मिळणार नाही!"

धाकटा मटकन खाली बसला. पुन्हा ती खुर्ची, त्या सुया, आणि किती दिवस ते डॉक्टरही सांगेनात. त्याला भयंकर भीती वाटली.

बाई गडबडीने यादी चाळू लागल्या. "अहो थांबा, माझं बोलणं पुरं झालं नाही. निम्म्या बाटल्यांत नुसतं मिठाचं पाणी होतं. तुमचा नंबर सतरा ना? पाणीच होतं."

धाकट्याने उठून दादाला मिठीच मारली. "बघ! म्हणजे तो होकार तुझाच होता, तुझ्या मनातला!"

दादाचा राग उतरला. त्याने धाकट्याचे हात हळूच सोडवले.

"हो, माझाच होता," तो म्हणाला. "आणि आत्ताचा नकारही माझाच आहे. खरं सांगू? सहा महिन्यांत आज पहिल्यांदा बरं वाटतंय."