मागच्या खोलीतील हाकेचे आधुनिकीकरण

हाक ही कुटुंबातली सर्वांत जुनी सेवा असून तिच्या दर्जाकडे आजवर कोणीही गांभीर्याने पाहिलेलं नाही. एक माणूस ओरडतो, दुसरा उठून येतो. यात नियंत्रण नाही, चाचणी नाही, साधा पासवर्डसुद्धा नाही. इतक्या रानटी अवस्थेत माणसाने हजारो वर्षं काढली आणि तरी त्याची लोकसंख्या वाढली, हे नवलच म्हणायचं.

प्रस्तुत घरात बाबा मागच्या खोलीत असतात. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांचा हुकूम एकच : एकट्याने उठायचं नाही, लघवीला जाताना कोणीतरी धरायचं. त्यासाठी बाबांच्या उशाशी स्टीलची ताटली आणि चमचा असे. ताटली वाजली की थोरली सून हात पुसत यायची. अंदाजे वेळ दीड मिनिट. (हात कोरडे असल्यास एक.) सहा आठवड्यांत चादर एकदाही ओली झाली नाही. अर्थात मोजमाप कोणी ठेवलं नसल्याने हे यश अधिकृत मानता येत नाही.

ही पद्धत मागासलेली आहे, असा शोध बाबांच्या दोन्ही मुलांना एकाच दिवशी लागला. त्याच दिवशी घराच्या गच्चीवर उपग्रहाच्या इंटरनेटची तबकडी बसली होती, हा योगायोग. थोरला औषधांच्या गोदामाचा व्यवस्थापक आहे. धाकटा क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही. दोघांनी ठरवलं, घरात सहा ठिकाणी बिनतारी स्पीकर लावायचे. बाबा आपल्या स्पीकरपाशी बोलतील, बाकीचे पाच बोलतील. बाबांची खाट ते स्वयंपाकघर हे अंतर चौदा पावलं आहे. हाक आता आकाशात शेकडो किलोमीटर जाऊन स्वयंपाकघरात उतरणार होती. प्रगती म्हणतात ती हीच, आणखी काय असते?

अडचण एकच निघाली. भावाभावांत प्रेम आहे, पण नेटवर्क वेगळी आहेत. राउटर एक, नावं दोन, आणि एकाचा पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक नाही. (आपलं इंटरनेट दुसरा ओढतो, याविषयी दोघांचं एकमत आहे.) स्पीकरचा नियम मात्र असा, की सगळे एकाच नेटवर्कवर हवेत. स्पीकरची वाटणी झाली तेव्हा स्वयंपाकघर थोरल्याकडे गेलं, बाबा आणि न्हाणीघर धाकट्याकडे आले, आणि बाबांची पहिली हाक फक्त न्हाणीघरात वाजली. म्हणजे बाबांना जिथे जायचं होतं, तिथे हाक आधी जाऊन बसली.

तेव्हा समझोता झाला. स्पीकरसाठी तिसरं नेटवर्क. पासवर्डची पहिली आठ अक्षरं थोरल्याची, पुढची आठ धाकट्याची. एक टाइप करत असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. जगातल्या मोठमोठ्या तिजोऱ्या याहून ढिसाळ आहेत.

चाचणीच्या काळात ताटली जप्त झाली.

"अगं, माझी ताटली कुठाय?" बाबांनी विचारलं.

"वर ठेवलीय, बाबा," थोरली सून म्हणाली. "तिच्या आवाजाने स्पीकर बिथरतो म्हणे."

"आणि मी बिथरलो तर?"

"तुमचं अपडेट अजून आलेलं नाही."

रविवारी सकाळी राउटर अडून बसला. धाकट्याने आत्मविश्वासाने टाचणी घेतली आणि मागच्या भोकात दाबून धरली. राउटर सगळं विसरला. मग नवं नेटवर्क, नवा पासवर्ड, आणि सहाही स्पीकर पहिल्यापासून. दोघे भाऊ खोलीखोलीत फिरू लागले. आठ अक्षरं, भिंत, आठ अक्षरं, भिंत.

तिसऱ्या स्पीकरला मागच्या खोलीतून आवाज आला. "अरे, लघवीला जायचंय."

"हो बाबा, तिसरा चाललाय," थोरला म्हणाला.

चौथ्याला सून हात पुसत निघाली.

"अगं, हलू नकोस!" थोरला ओरडला. "तू स्वयंपाकघरातच थांब. ऐकू येतंय का ते कोण सांगणार?"

"अहो, त्यांना जायचंय."

"त्यांच्यासाठीच तर चाललंय ना हे सगळं?"

ती थांबली.

पाचवा लागायला नऊ मिनिटं गेली, कारण धाकट्याची मान भिंतीकडून जरा वळली, असा थोरल्याला संशय आला. सहावा बाबांच्या खोलीतला. दोन धडधाकट मुलगे बाबांच्या खाटेपासून हातभर अंतरावर उभे राहिले. एकाचं तोंड भिंतीकडे. बाबांनी चादर मुठीत धरली होती. हिरवा दिवा लागला.

"बोला बाबा!" धाकटा म्हणाला.

"अरे, धरा रे मला. जायचंय."

पाचच्या पाच ठिकाणी हाक खणखणीत वाजली. स्वयंपाकघरातून सून ओरडली, "आलं ऐकू! आता न्या त्यांना!"

"न्हाणीघरातलं नीट कळलं नाही, दादा," धाकटा म्हणाला.

"बाबा, पुन्हा एकदा. जरा मोठ्याने."

बाबांनी मुठीतली चादर सोडली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता नको. झालं."

हेही सगळीकडे ऐकू आलं. ध्वनीचा दर्जा इतका उत्तम, की शेवटच्या शब्दाला बाबांचा आवाज किती चिरला, ते गच्चीच्या जिन्यातसुद्धा कळलं. प्रकल्प यशस्वी जाहीर झाला. चादर सुनेने धुतली. (चादर धुण्याचं आधुनिकीकरण पुढच्या टप्प्यात आहे.)

तुम्हाला ते दोघे भाऊ मूर्ख वाटले असतील. वाटू द्या. हे वाचायला तुम्हाला पाचेक मिनिटं लागली. तेवढ्यात आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी हाक मारली. मध्ये राउटर नव्हता, उपग्रह नव्हता, हाक पहिल्या खेपेला स्वच्छ ऐकू आली. तुम्ही "आलो" म्हणालात, आणि इथपर्यंत वाचलंत.