नानांचा पिवळा खडू

आमच्या वरणगावात एखाद्या वस्तूवर पिवळ्या खडूची बरोबरची खूण दिसली, की समजायचं, ती वस्तू नानांनी पास केलेली आहे. माझ्या दुकानाच्या शटरवर ती आहे, स्टुलाच्या चारही पायांवर आहे, समोरच्या चहावाल्याच्या किटलीवर आहे. मागच्या उन्हाळ्यात शेजारी नवा जावई मोटारसायकल घेऊन आला. नानांनी गाडी चारी बाजूंनी पाहिली, ब्रेक दाबून पाहिले आणि मागच्या चाकावर फुली मारली. जावई फुगून बसला. दुसऱ्या दिवशी भुसावळच्या रस्त्यावर तेच चाक बसलं. सासऱ्यांनी कौतुकानं पेढे आणले, तर नानांनी पेढासुद्धा आधी फोडून पाहिला.

नाना तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते. मूळचे धुळ्याकडचे. आमच्याशी शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करतात, पण तापले किंवा हळवे झाले की सरळ अहिराणीत उतरतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, खिशातला खडू मात्र नोकरीवरच आहे. कोणी काहीही समोर धरलं की त्यांचा एकच प्रश्न, "तपासं कोनी?" म्हणजे, तपासलं कोणी? लग्नपत्रिका द्या, तोच प्रश्न. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दिला, त्यांनाही तोच प्रश्न. डॉक्टर अजून बोलत नाहीत त्यांच्याशी.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान. दिवसभर लोक डोकं खातात, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट आहे हे मी आधीच कबूल करते. नानांवर ती सगळ्यात जास्त चालली, आणि त्यांनी सगळ्यात कमी मनावर घेतली.

वर्षभरापूर्वी ते एक विळी काखोटीला मारून आले. साधी विळी नव्हे. आपल्या विळीवर भाजी चिरायची तर दोन्ही हात लागतात, वर पाट पायाखाली दाबून धरावा लागतो. नानांनी पात्यासमोर लाकडी पन्हळ बसवली होती. त्यात वांगं ठेवायचं आणि एका हातानं पुढे ढकलायचं. पाटाखाली रबर, म्हणून तो जागचा हलत नाही. नानींना अर्धांगवायू होऊन डावी बाजू गेली, तेव्हा त्यांच्यासाठी नानांनी अशी पहिली विळी घडवली होती. नानी आता नाहीत. पण नानांनी तसल्याच बावीस विळ्या करून घरात मांडून ठेवल्या होत्या.

"मोबाईलवर जाहिरात टाकायची," नाना म्हणाले.

"बाजारात बसा की शनिवारी. हातोहात खपतील."

"ज्याचा हात गेला तो बाजारात येतो का? तो घरात पडून मोबाईल पाहतो. त्याला तिथंच गाठायला पाहिजे."

मी विळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "अहो नाना, गावभर खुणा करता, आणि ह्या विळीवर खूण नाही?"

"स्वतःचा माल स्वतः पास करायचा नसतो," ते म्हणाले. कारखान्याचा नियम असावा, असं समजून मी कामाला लागले.

मजकूर त्यांनी घरून लिहून आणला होता आणि फोटोही तेच घेऊन आले होते. फोटो म्हणजे आनंदच होता. अंधारा, हललेला. विळी, वांगं, कुणाचा तरी हात आणि पाटाच्या कडेला पिवळा डाग. दुकानात गर्दी होती, त्यामुळे मी नानांच्या नावानं अकाउंट उघडलं, मजकूर न वाचताच टाइप केला, फोटो जोडला आणि बटण दाबलं. दहा-बारा दिवस बरं चाललं. एरंडोलच्या एका बाईंचा निरोप आला: आईचा डावा हात गेलाय, तिला स्वयंपाकघरात पुन्हा बसायचंय, विळी मिळेल का? नानांनी तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. एक विळी पाठवतो म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी अकाउंट बंद पडलं. कारण: शस्त्रं आणि स्फोटकं यांची विक्री.

तेव्हा कुठे मी मजकूर वाचला. कपाळावर हात मारला. लिहिलं होतं: 'दारूगोळा कारखान्यातील तीस वर्षांच्या अनुभवातून तयार केलेले अत्यंत धारदार पाते. एका हाताने चालते. अजिबात आवाज होत नाही. घरपोच मिळेल.'

"नाना! हे वाचून पोलीस नाही आले हे नशीब समजा!"

"खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. मी फेरविचाराचा अर्ज भरला. चहा संपायच्या आत उत्तर आलं: अर्ज नामंजूर. नानांनी हातातला कप खाली ठेवला. एवढे लाल झालेले नाना मी कधी पाहिले नव्हते.

"चहा थंड व्हायच्या आत तपासणी होत नाही. कोणी पाहिलंच नाही. नापास व्हयनं ते व्हयनं, पन कारण लिखी देवानं का नही? लिहून द्यायला नको? तपासं कोनी?"

"मशीन तपासतं, नाना."

"मशीनवर एक माणूस असतो. मी होतो ना!"

त्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी नाना पायरीवर हजर. जाहिरातवाल्या कंपनीनं ओळख पटवायला सांगितलं. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. नाना झेंड्याला सलामी द्यावी तसे ताठ उभे राहायचे. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा चेहरा जुळेना. ओळखपत्रावरच्या फोटोत मिशी नव्हती आणि निवृत्तीनंतर नानांनी झुपकेदार मिशी ठेवलेली. मी नुसतं बोलून गेले, "मिशीमुळे अडतंय बहुतेक." दुसऱ्या दिवशी सकाळी एक गुळगुळीत म्हातारा पायरीवर बसलेला. मी विचारलं, "काय काम आहे, बाबा?" तो म्हणाला, "मी शे, माय."

हसू आवरेना मला. पण चेहरा जुळला.

आता शेवटचा अर्ज उरला होता. तोही नामंजूर झाला तर अकाउंट कायमचं बंद, जाहिरात पुन्हा नाही. मी म्हटलं, ह्या वेळी नीट करू. मजकूर मी कापायला घेतला. 'अत्यंत धारदार' काढलं. 'आवाज होत नाही' काढलं. कारखान्याचं नाव काढताना मला वाटलं नाना भांडतील, तीस वर्षांचा अभिमान तो. पण त्यांनी मान हलवली. "काढ."

मग मी म्हटलं, "आणि हा फोटो बदलायचा. उघडं पातं आणि त्याला लागून माणसाचा हात, मशीन घाबरणारच. मी छान काढते. उजेडात, नुसती विळी आणि वांगं."

"फोटो तोच ऱ्हाई."

"अहो, धड दिसत नाही त्यात काही! डाग आहे कडेला!"

"तोच ऱ्हाई."

मी समजावलं, मग भांडले. एरंडोलच्या बाईंची आठवण करून दिली. नाना हटेनात. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्हाला विळी लोकांपर्यंत जायला हवीय की तुमचा हेका? बसा मग फोटो घेऊन!" ते उठून गेले. जाताना स्टूल जागेवर सरकवून गेले, तेच मला जास्त लागलं.

दोन दिवस पायरी रिकामी होती. माझं कामात लक्ष लागेना. ज्या मजकुरानं सगळा घोळ केला तो न वाचता टाकणारी मीच, आणि वर त्यांनाच बोलले. तिसऱ्या दिवशी नाना आले. त्यांनी रेघांच्या कागदावर लिहिलेलं समोर ठेवलं. "हे टाइप कर. एक अक्षर कमी नको." वर लिहिलं होतं, 'मेहेरबान तपासनीस साहेब यांस'. मी हसू दाबलं आणि टाइप करायला लागले.

'वस्तूचे नाव: विळी. उपयोग: भाजी चिरणे. कोणासाठी: ज्यांचा एक हात चालत नाही असे लोक. सोबतच्या फोटोची तपासणी पुढीलप्रमाणे. फोटोत दिसणारे हत्यार नसून स्वयंपाकाची वस्तू आहे. हातात वांगे आहे. हात माझ्या पत्नीचा आहे. उजवा. डावा पदराखाली आहे, तो चालत नव्हता. चेहरा वाकडा झाल्यापासून ती फोटो काढू देत नसे. त्या दिवशी स्वतः म्हणाली, हाताचा काढा.'

माझी बोटं थांबली. नाना भिंतीकडे पाहत होते. मी पुढे वाचलं.

'पाटाच्या कडेला पिवळा डाग दिसतो तो डाग नाही. ती खूण आहे. माल मी तयार केला असल्याने मला पास करता येत नव्हता. पत्नीने हाच माल अकरा वेळा नापास केला. बाराव्या वेळी तिने पूर्ण वांगे चिरले, माझ्या खिशातून खडू काढून घेतला आणि स्वतः खूण केली. फोटो त्यानंतर दुसरे वांगे घेऊन काढला. दुसरा फोटो काढता येईल, परंतु त्यावर तपासणीची खूण नसेल. विनातपासणी माल मी आयुष्यात पाठवलेला नाही. तरी विचार व्हावा. आपला विश्वासू.'

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, डाग नव्हताच. एका बाजूला कललेली बरोबरची खूण होती. मला रडू आलं आणि लपवायला मी उगाच झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं.

"आधी का नाही सांगितलं, नाना?"

"तू विचारलं कुठं? तू म्हणाली डाग."

मी एक अक्षरही न गाळता अर्ज पाठवला. ह्या वेळी उत्तर चहा संपायच्या आत आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी काळजीत, आणि नाना मात्र रोज जास्त खूश. "वेळ लागतोय म्हणजे कोणीतरी बसलंय तपासायला." सहाव्या दिवशी अकाउंट सुरू झालं. जाहिरात त्याच फोटोसकट मंजूर. कुठल्या तरी ऑफिसात कुणी तरी तो अर्ज वाचला असेल का, की मशीननंच ठरवलं, मला माहीत नाही. नानांना माहीत होतं. ते म्हणाले, "माणूस चांगला शे तो."

मला वाटलं, झालं काम. पण संध्याकाळी नाना एक नवी कोरी विळी आणि पिशवीत चार वांगी घेऊन आले. विळी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

"एरंडोलची आहे ही. पाठवायची आहे," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातला खडू काढला. गेली कित्येक वर्षं तो कोणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "ती गई. आते कोन तपासी? तू तपास, माय."

बावीस विळ्या घरात का पडून होत्या, हे मला तेव्हा कळलं. जाहिरात चालली असती तरी एकही विळी गिऱ्हाइकाकडे गेली नसती. पास करणारं माणूसच उरलं नव्हतं.

मी दुकान अर्धं बंद केलं, खाली बसले आणि डावा हात पदरात गुंडाळून घेतला. पहिलं वांगं घसरलं. दुसरं नीट चिरलं, तिसरं आणखी नीट. नाना उभ्यानं पाहत होते. चौथ्या वांग्याची शेवटची फोड पडली तेव्हा मी खडू घेतला आणि पाटाच्या कडेला खूण केली. डोळे भरून आले होते. खूण साफ वाकडी आली.

"वाकडी झाली हो नाना. पुसून परत काढते."

नानांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिनी बी वाकडीच व्हती."