गजराबाईंची रंगीत तालीम

गजराबाईंनी कण्हायचं कसं, यावरून त्या घरात सकाळपासून वाद चालला होता. भैरवनाथाचं म्हणणं असं, की खरी कळ आल्यासारखं कण्हावं, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला घाई सुटते. गजराबाईंचं म्हणणं असं, की आपण स्वतःच्या तीन बाळंतपणांत तोंडातून हूं की चूं काढलं नाही, आता साठीत सुनेच्या बाळंतपणासाठी कोण कण्हत बसतंय. आणि जिचं बाळंतपण होतं ती सोनल पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं शेंगदाणे परतत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

"आये, तालीम म्हंजी तालीम. खऱ्यासारखी झाली पायजे."

"मंग तूच झोप मागल्या शिटावर. मी चालवते गाडी."

एवढं सगळं कशासाठी, असं तुम्ही विचाराल, म्हणून चार वर्षं मागं जायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सोनलचं माहेर पार डोंगरात, आहुप्याच्या अलीकडं. तिथून दवाखाना लांब पडतो म्हणून तिला सासरीच ठेवून घेतलं होतं. कळा सुरू झाल्या त्या सकाळी भैरवनाथाच्या पिकअपमध्ये कांदा भरलेला होता. पहिलटकरणीला अठरा तास लागतात, असं त्याला चार शहाण्यांनी सांगितलं होतं. तेव्हा आधी मंचरला कांदा उतरवावा आणि मग निवांत दवाखाना गाठावा, असा त्यानं हिशेब केला. हिशेब त्याच्या मते चोख होता. फक्त पोटातल्या पोरीला, सृष्टीला, तो कुणी कळवला नव्हता. पहिल्या कळेपासून एक तास चाळीस मिनिटांत, मार्केटच्या गेटवर, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, पिकअपच्या केबिनमध्ये ती जन्माला आली. कांदा निवडणाऱ्या एका बाईनं बाळ हातात घेतलं आणि दोन हमालांनी ताडपत्री आडवी धरली.

सगळं सुखरूप झालं. गाव हसलं, मार्केट हसलं, भैरवनाथसुद्धा पुढं पुढं हसायला लागला. सोनल कधीच हसली नाही. तिला त्या दिवसाचं एकच आठवायचं, ताडपत्रीच्या खालून दिसणारे लोकांचे पाय. चपला घातलेले, बूट घातलेले, अनवाणी, कितीतरी पाय.

म्हणून या खेपेला तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "मला बाकी काय नगं. पलंग पायजे, चार भिंती पायजेत, आन परक्या मान्सांचे पाय दिसाय नकोत."

भैरवनाथानं गावच्या भैरवनाथाची शपथ घेतली, की तसंच होईल आणि आपणही तिच्यापाशी राहू. डॉक्टर शीलाताईंनी तपासताना बजावलं होतं, "पहिली एवढ्या लवकर झाली, तर दुसरी त्याच्याही आधी होऊ शकते. पहिली कळ आली की निघायचं. चहासुद्धा प्यायचा नाही." त्या दिवसापासून हा माणूस बदलला. त्यानं पिकअप भावकीत देऊन जुनी व्हॅन आणली. ती कायम रस्त्याकडं तोंड करून उभी. भिंतीवर एक कागद चिकटला: पिशवी दाराशी ठेवणे, फोन कायम चार्जिंगला ठेवणे, गाडीत कांदा भरू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. मंचरात दवाखान्यासमोर एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती, येत्या सोमवारपासून. तारखेला अजून बारा दिवस होते, पण सोमवारपर्यंतचे चार दिवस त्याला सुचू देईनात. वाटेला नक्की वेळ किती लागतो हे कळलं पाहिजे, आणि मागं बाई झोपलेली असताना कळलं पाहिजे, असं त्यानं ठरवलं.

त्याचे वडील सोमाजी ओसरीवर बसून हे ऐकत होते. त्यांची हयात मेंढरांमागं गेलेली. "मेंढी व्यायाला लागली की आमी गप बसायचो," ते म्हणाले. "लई पळापळ केली की तीबी बुजती."

"आबा, ही मेंढी न्हाई."

"ते खरंय. पर तू बी मेंढका न्हाईस."

शेवटी गजराबाई निघाल्या. पोराचं मन मोडवेना, दुसरं काय. मागच्या सीटवर उशी घेऊन त्या आडव्या झाल्या, भैरवनाथानं मोबाइलवर घड्याळ लावलं आणि व्हॅन सुटली. पहिला मैलभर त्या अगदी गप्प होत्या. पुढं रस्त्याचं काम निघालेलं होतं. तिथं मात्र त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की भैरवनाथानं खुशीनं आरशात बघितलं.

"झ्याक, आये. आता कसं. आसंच चालू दे."

"आरं मुडद्या, कंबार मोडली माजी."

ते त्याला तालमीचाच भाग वाटलं. घोडेगाव मागं टाकून, मंचरच्या गर्दीत दोन कांद्याच्या ट्रकांमधून व्हॅन काढून त्यानं दवाखान्याच्या पायरीला ब्रेक लावला आणि ठरल्याप्रमाणे ओरडत आत धावला, "पेशंट हाय, पेशंट हाय." आतून इंद्रायणी नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. हा घड्याळ थांबवून आकडा बघेपर्यंत तिनं गजराबाईंना खुर्चीत घालून आत नेलंसुद्धा.

"आजी, काय होतंय तुम्हाला?" नर्सनं विचारलं.

गजराबाई खोटं बोलत नसत. "मला काय न्हाई बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बाळातपनाला आनलंय."

नर्सनं त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं आणि दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. मग तिनं डॉक्टरांना हाक मारली. वरचा आकडा एकशे नव्वद होता.

भैरवनाथ हसत हसत आत आला. "चाळीस मिन्टं बारा सेकंद," तो म्हणाला. "म्याडम, ही माझी आई. आमी तालीम केली. चला आये."

"तालीम तुमची असेल," शीलाताई म्हणाल्या, "बीपी खरं आहे. यांना मी अशी सोडणार नाही. गोळी देते, पडू द्या तीन-चार तास. तोवर मोठ्या डॉक्टरांना बोलावते."

गजराबाईंना बाळंतिणींच्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर झोपवलं. चाळीस वर्षांत दिवसाढवळ्या निवांत पाठ टेकायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी फारशी तक्रार केली नाही. भैरवनाथ कपाळाला हात लावून बाकावर बसला, तेवढ्यात फोन वाजला.

"अवं," सोनल पलीकडून म्हणाली, "सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"तुमी ज्याची तालीम करताय ते."

भैरवनाथ उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "आता गं?"

"गाडी कुठं हाय?"

"मंचरला."

"आन मी?"

"घरी." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "तू जागची हलू नगंस. मी आलोच. चाळीस मिन्टं बारा सेकंद."

तिकडं सोनलनं फोन खाली ठेवला आणि गणित मांडलं. यायला चाळीस, जायला चाळीस. चांगलं सव्वा तासाच्या वर. मागच्या खेपेला सगळं मिळून पावणेदोन तासच लागले होते, आणि पहिली कळ येऊन आता दहा मिनिटं झाली होती. यात व्हॅनमध्ये, वाटेतच बाळंतपण होणार हे तिला लख्ख दिसलं. कागदावर लिहिल्याप्रमाणे तिनं फोन चार्जिंगला लावून तिथंच ठेवला, कागदावर लिहिल्याप्रमाणे दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी थांबत न्हाई."

"थांबू नगंच," सोमाजी म्हणाले. "एस्टीची येळ झाली. पोरीला बघतो मी."

त्या दिवशी संकष्टी होती. शेजारच्या धोंडाबाई ओझरच्या विघ्नहराला जायला आधीच फाट्यावर उभ्या होत्या. त्यांनी सोनलचा चेहरा बघितला आणि तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. एसटी आली ती बायकांनी गच्च भरून.

"जागा न्हाई, मावशे," कंडक्टर म्हणाला. मग त्यानं सोनलकडं बघितलं. "मागलं शीट मोकळं करा, बाया हो."

मागच्या सीटवरच्या पाच जणी उठल्या. सोनल आडवी झाली, धोंडाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. ड्रायव्हरनं आरशात बघून मोठ्यानं जाहीर केलं, "आता डायरेक मंचर. मधी कुनाला उतरायचं आसंल त्यानं मंचरास्नं मागारी या." कुणी हरकत घेतली नाही. एक म्हातारा घोडेगावला दाढी करायला निघाला होता, तोसुद्धा गप्प बसला.

घोडेगावच्या अलीकडं एक अरुंद पूल आहे. एका वेळी एकच गाडी जाते. एका टोकानं एसटी पुलावर चढली आणि दुसऱ्या टोकानं भैरवनाथाची व्हॅन. दोन्ही अर्ध्यावर समोरासमोर थांबल्या. भैरवनाथानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"घे मागं," एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"तुमी घ्या, भाऊ. माझी बायको बाळातपनाला खोळांबलीया."

"माझ्या गाडीत बी बाळातपनाची बाई हाय. ती बी कुनाची तरी बायकोच आसंल न्हवं?"

आपल्या बायकोसारखीच कुठली तरी बाई त्या गर्दीत अवघडून पडली असेल, आणि तिचा नवरा कुठं बेपत्ता असेल, या विचारानं भैरवनाथाचा हॉर्नवरचा हात निघाला. त्यानं व्हॅन मागं घेतली, पार पुलावरून उतरून कडेच्या चारीपर्यंत घेतली. एसटी शेजारून गेली तेव्हा तो हात जोडून उभा होता. "सांबाळून न्या, भाऊ," तो म्हणाला.

आत मागच्या सीटवर सोनलनं डोळे उघडले. "आवाज वळखीचा वाटतुया."

"आसंल कुनीतरी येडं," धोंडाबाई म्हणाल्या. "तू दम घे."

भैरवनाथ घरी पोचला तेव्हा सोमाजी ओसरीवर नातीला दूधभाकरी भरवत होते.

"सोनल कुठंय?"

"गेली."

"कशात?"

"एस्टीत. तुला आडवी न्हाई गावली?"

भैरवनाथ तिथंच पायरीवर बसला. "गावली," तो म्हणाला. "म्याच वाट दिली."

"मंग चांगलं केलंस," सोमाजी म्हणाले आणि नातीचं तोंड पुसून उठले. "चल आता. आमाला बी घे."

परतीच्या वाटेवर त्यानं घड्याळ लावलं नाही. दवाखान्यापाशी एसटी नव्हती, ती पुढं नारायणगावला निघून गेली होती. पण पायऱ्यांवर पंधरा-सोळा बायका नारळ आणि दूर्वा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुमचं दर्शन ऱ्हायलं की," भैरवनाथ कसाबसा म्हणाला.

"गणपती कुठं पळून जात न्हाई," त्यातली एक म्हणाली. "पोरगी एकली व्हती. तुमी आत जा, पावणं."

दारात इंद्रायणी नर्स भेटली. "मुलगी झाली," ती म्हणाली. "दोघी छान आहेत."

"कुठं झाली?" भैरवनाथानं विचारलं.

नर्सला कळेना. अकरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "कुठं म्हणजे? इथंच, आत. पोचल्यावर वीस मिनिटांत."

"पलंगावर?"

"पलंगावर."

एवढं ऐकून तो गडी भिंतीला टेकला आणि रडायला लागला. नर्सनं त्याला दंडाला धरून आत नेलं.

सोनल भिंतीकडच्या पलंगावर होती. तिच्या शेजारी स्टूलावर गजराबाई बसल्या होत्या. त्यांना झोपायला सांगून दोन वेळा दटावलं होतं, असं नर्सनं कुरकुरत सांगितलं.

"मी न्हवतो," भैरवनाथ सोनलला म्हणाला. "तुला सबूद दिला व्हता, तुज्यापाशी ऱ्हाईन म्हणून. आन मी न्हवतो."

"मागल्या खेपेला व्हता की," सोनल म्हणाली. "ष्टेरिंगवर डोकं ठिवून माज्यापेक्षा मोठ्यानं वरडत व्हता." ती दमली होती, पण सासूकडं बघून हसत होती. "औंदा आत्या व्हत्या. मला आत आनलं आन बघते तर आत्या पलंगावर उठून बसल्यात. मला वाटलं, आता माझं सारं नीट व्हनार. तुमी तालीम केली नसती तर त्या हितं कशाला आल्या असत्या?"

"कन्हल्या का पर?" भैरवनाथानं डोळे पुसत विचारलं.

"मी कशाला कन्हती," गजराबाई म्हणाल्या. "हात धरला हिनं माजा, आसा धरला की ही बोटं बघ. आन तरी पोरगी वरडली न्हाई. लई धीराची हाय तुजी बायको." एवढं कौतुक त्यांनी लग्नापासून आजवर सुनेच्या तोंडावर कधी केलं नव्हतं. सोनलनं मान दुसरीकडं फिरवली, पण डोळे भरून आलेले सगळ्यांना दिसले.

भैरवनाथाला काय करावं सुचेना. पाच महिने त्यानं इथं पोचायचं कसं याचाच विचार केला होता. पोचल्यावर करायचं काय, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"गाडी वाकडी लागलीया, नीट लावून येतो," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या."

"चहा आनू?"

"नगं."

"बाहेरच्या बायास्नी तरी काय—"

"अवं, बसा."

तो पलंगाच्या कडेला बसला. गजराबाईंनी बाळ उचलून त्याच्या मांडीवर दिलं आणि स्वतः आपल्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. दारातून सोमाजी सृष्टीला कडेवर घेऊन आले आणि स्टूलावर टेकले. सृष्टीनं बाळाकडं बघितलं, मग बापाकडं, आणि आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"आता अर्धा तास कुनी कुठं जायचं न्हाई," सोनल डोळे मिटत म्हणाली. त्या घरानं त्या दिवशी ठरवलेलं तेवढं एकच काम ठरल्याप्रमाणे पार पडलं.