शुद्धीतलं स्वप्न आणि राहिलेलं नाक

एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीस नेतोच! माझ्या बायकोला विचारा. नको, तिला नका विचारू. मीच सांगतो.

मी एका छापखान्यात प्रूफं तपासतो. एकोणीस वर्षं झाली. दिवसभर जगाच्या चुका काढतो, पण मालक समोर आले की माझी दातखीळ बसते. मालक म्हणतात, "पंखा बंद करा, कागद उडतात. उकडत नाही ना?" मी घामाने निथळत म्हणतो, "छे साहेब, थंडीच वाजतेय!"

त्यात मुख्य तपासनिसाची जागा रिकामी झाली. शनिवारी मालक नाव जाहीर करणार होते. बायकोने तर माहेरी कळवूनही टाकलं होतं.

नेमका तेव्हाच मला शुद्धीतल्या स्वप्नांचा शोध लागला. म्हणजे स्वप्न पडत असतानाच आपल्याला कळायचं, की हे स्वप्न आहे. मग काय, आपलंच राज्य! उडा, बुडा, कुणालाही झापा. मी ठरवलं, शनिवारच्या आत मालकांना स्वप्नात गाठून एकोणीस वर्षांचं साचलेलं ऐकवायचं. एकदा मन मोकळं झालं की शनिवारी मी कसा शांत, भारदस्त दिसेन!

पण असली स्वप्नं आळशी माणसाला पडत नाहीत म्हणे. दिनचर्या लागते. साडेसातला जेवण, साडेनऊला दिवे बंद, दुपारनंतर चहा नाही, मोबाइल कपाटात. आणि शिस्त म्हणजे शिस्त, सगळ्या घराचे मोबाइल कपाटात!

"अहो, स्वप्नं तुम्हाला बघायचीत ना? मग माझी मालिका का बंद?" बायको कडाडली.

"उजेडाने माझी झोप बिघडते."

"बाबा, सकाळी माझी परीक्षा आहे," अंधारातून मुलीचा आवाज आला.

"झोप गं! मेंदू झोपेतच अभ्यास करतो."

"मग उद्या पेपरलाही त्यालाच पाठवते!"

शिवाय आपण जागे आहोत की नाही, हे दिवसातून दहादा तपासायचं. दिवसा सवय लागली की ती स्वप्नातही उतरते. परीक्षा चार. घड्याळ दोनदा बघायचं, स्वप्नात वेळ भलतीच होते. एक ओळ वाचून, डोळे मिटून पुन्हा वाचायची, स्वप्नात अक्षरं बदलतात. दिव्याचं बटण दाबायचं, स्वप्नात दिवा लागत नाही. आणि शेवटी नाक दाबून श्वास घ्यायचा, स्वप्नात तो खुशाल येतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर दुसऱ्या तपासनीस बाई बसतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दिवसाला सहा चहा पितात, जेवणाची वेळ कधीच ठरलेली नाही.

"सर्दी झालीय का हो? सारखं नाक धरताय," त्या म्हणाल्या.

"साधना चाललीय," मी म्हणालो.

एवढं करून आठवडाभरात स्वप्न पडलं ते एकच. त्यात मी झोपलो होतो!

शुक्रवार उजाडला. दुपारी पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका तपासत होतो. चहा नसल्यामुळे डोळ्यांवर झापड. परीक्षा सुरू केली. घड्याळात पावणेतीन. ओळ होती, 'पंप सुरू करण्यापूर्वी झाकण घट्ट लावा.' डोळे मिटून वीस आकडे मोजले. कदाचित जरा जास्तच मोजले असतील.

डोळे उघडले तर सगळं शांत! मशीनचा आवाज नाही. आणि ओळ म्हणत होती, 'पंप सुरू करण्यापूर्वी झाकण सैल करा.' मी दचकून घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं! धावत जाऊन बटण दाबलं. दिवा लागेना!

नाकाची परीक्षा तेवढी राहिली. पण चारांत तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के! आमच्या वेळी तेवढ्यात पेढे वाटायचे.

इतक्यात मालक केबिनमधून बाहेर आले. "मशीन का थांबलं?"

"ये रे ये!" मी म्हणालो. "तुझीच वाट बघत होतो!"

मालक जागच्या जागी थिजले.

"उकडतंय मला! एकोणीस वर्षं उकडतंय! आणि केस रंगवतोस ते ठीक आहे, पण कानाला कशाला फासतोस? तुझ्या कानांकडे न बघता बोलताना आमच्या माना आखडल्या!"

कसं मोकळं मोकळं वाटलं म्हणून सांगू! आता फक्त उडायचं राहिलं होतं. मी टेबलावर चढलो, हात पसरले आणि झेप घेतली.

गुडघा कागदाच्या गठ्ठ्यावर सणकून आपटला. स्वप्नात असं दुखायला नको होतं. पडल्या पडल्या मी हळूच नाक दाबलं.

श्वास आला नाही.

"फ्यूज काढलाय, दहा मिनिटांत लाइट येईल," शिडीवरून वायरमन म्हणाला. "घड्याळात नवा सेल टाकलाय, वेळ तुम्ही लावून घ्या."

"गिऱ्हाइकाने ओळ बदलली," बाई घाबरत म्हणाल्या. "तुम्ही डोळे मिटून बसला होतात, म्हणून नवं प्रूफ गुपचूप ठेवलं."

मालकांनी रुमाल काढला, कान पुसला, रुमालाकडे बघितलं. काळा! ते आत गेले.

माफी मागून, ताप चढला होता असं सांगून नोकरी वाचवली. जागा मात्र शनिवारी बाईंना मिळाली. अभिनंदन करताना त्यांना सगळं खरं सांगितलं.

"एवढ्यासाठी?" त्या सहावा चहा ओतत म्हणाल्या. "मला लहानपणापासून पडतात तसली स्वप्नं. कालच उडत उडत बहिणीकडे जाऊन आले. सगळ्यांनाच पडत नाहीत का?"

बायको एवढंच म्हणाली, "माहेरी आता तुम्हीच कळवा."

त्या दिवशी मी दिनचर्या गुंडाळली. तीन चहा ढोसले, बायकोशेजारी बसून मालिका बघितली, मोबाइल छातीवर ठेवूनच आडवा झालो. आणि ते आलं! मी मालकांच्या केबिनमध्ये उभा. घड्याळाचे काटे उलटे पळतायत, कागदावरची अक्षरं नाचतायत, दिवा लागत नाहीये. या वेळी नाकही दाबलं. श्वास खुशाल आला. चारांत चार!

समोर मालक. कान काळेभोर. "उकडत नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी जरा विचार केला. मग पंखा बंद केला आणि म्हणालो, "छे साहेब, थंडीच वाजतेय!"