सुधारणा क्रमांक सात

अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मराठी मंडळाने डॉ. प्रल्हाद साटविलकर यांच्या लेखाला ‘कोड सी’ दिला. कोड सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा सादर करा. मंडळाच्या समितीत नऊजण, आणि नऊही शेजारच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या बांधकाम कंपन्यांत. त्यामुळे साइटवर ड्रॉइंग जसं मंजुरीला जातं, तशीच मंडळाची स्मरणिका निघते. लेखाला क्रमांक, सोबत शेऱ्यांचा तक्ता आणि वर कोड. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर. मागच्या वर्षी उकडीच्या मोदकांची पाककृती बीवर अडकली होती. वाफेचा सेफ्टी प्लॅन जोडलेला नव्हता.

प्रल्हादने हे वाईट वाटून घेतलं नाही. तो स्वतः एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे लोकांच्या कागदांवर शिक्के मारून पोट भरणारा. उरलेल्या वेळात तो मॉर्मन विद्वान होता. देवगडहून अमेरिकेत शिकायला गेला आणि येताना डॉक्टरेट आणि नवा पंथ, दोन्ही घेऊन आला. मॉर्मन लोक ख्रिस्ताला मानतात, महिन्यातून एकदा उपास करतात आणि चहा-कॉफीला शिवत नाहीत. पहिल्या दोन कलमांवर घरात कोणी काही बोललं नाही.

“देव बदललास, ते मी गिळलं,” त्याची मोठी बहीण प्रभावती तेव्हा म्हणाली होती. “पण चहा रे? आल्यागेल्यापुढे ठेवणार काय?”

त्याला चौदा वर्षं झाली. अक्का त्याच इमारतीत दोन मजले खाली राहते. लिफ्टमध्ये दोघं फक्त पार्किंगबद्दल बोलतात. यंदा मात्र तीच लिफ्टमध्ये म्हणाली, “तुझं काय ते लिहून काढ. तोंडी नको, तू हातवारे फार करतोस. छापून आलं की वाचीन, मग बघू.”

म्हणून तर हा लेख. शीर्षक ‘श्रद्धा, शास्त्र आणि सद्यःस्थिती’. सहाशे शब्द, आणि प्रत्येक शब्द अक्कासाठी.

“डॉक्टर, लेख एक नंबर आहे,” समितीचे अध्यक्ष धनंजय म्हणाले. ते क्वालिटी मॅनेजर. “फक्त श्रद्धा काढा.”

“का?”

“अडीचशे कुटुंबं आहेत आपली. कोणाची भावना जमिनीखालून कुठून गेलीय, ह्याचं ड्रॉइंग आहे का आपल्याकडे? नाही. मग खणायचं कशाला?”

युक्तिवाद बिनतोड होता. श्रद्धा गेली. दुसऱ्या बैठकीत खजिनदार संपदा यांनी शास्त्राला हात घातला.

“हे जे तुमच्या धर्मग्रंथातलं वचन घातलंय तुम्ही, ते अटेस्टेड आहे का?”

“मॅडम, ते सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेलं होतं.”

“मग ओरिजिनल दाखवा ना. माझी बी. कॉम.ची डिग्री तीन ठिकाणी अटेस्ट करून घेतली होती इथे.”

“ओरिजिनल देवदूत परत घेऊन गेला, असं आम्ही मानतो.”

“रिसीट न देता?”

“अकरा साक्षीदार होते.”

“त्यांच्या एमिरेट्स आयडीच्या कॉप्या जोडा, मग बघू.”

साक्षीदार जाऊन दीडएकशे वर्षं झाली होती. आयडीची मुदत संपलेली, असा शेरा पडला आणि शास्त्र गेलं.

सद्यःस्थितीवर चर्चाच झाली नाही. धनंजय नुसते म्हणाले, “डॉक्टर, व्हिसा टिकवायचाय ना आपल्याला? खलास.” तिच्या जागी हवामान आलं. ‘उन्हाळा फार आहे’ यात तक्रारीचा सूर निघाला, म्हणून ‘उन्हाळा आहे’ झालं. त्यावर कोणीतरी विचारलं की स्मरणिका डिसेंबरात कोणी उघडली तर? सातव्या सुधारणेनंतर लेखाला एकदाचा कोड ए मिळाला. तो असा:

‘नमस्कार. सध्या ऋतू आहे. सर्वांचे आभार.’

शीर्षक भारदस्त म्हणून तसंच राहिलं. अनुक्रमणिकेत दोन पानं आधीच लागली होती, म्हणून उरलेल्या जागेत प्रल्हादचा टाय घातलेला फोटो पसरला.

प्रकाशनाला लोकांनी त्याचा हात धरून धरून सांगितलं, “सर, अगदी मनातलं लिहिलंत.” एक गृहस्थ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “छान आहे. थोडा लांबलाय, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. अक्का. चष्मा नाकावर, हातात स्मरणिका.

“हे काय आहे?”

“लेख.”

“तीन आठवडे मी भांडायची तयारी करत बसले, आणि तू मला ऋतू आहे म्हणून सांगतोस?”

प्रल्हादने मूळ लेख काढून दिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा अक्का त्याच्या सोफ्यावर टेकली. वाचताना तिचे ओठ हलत होते. उपासाच्या परिच्छेदाशी थांबून तिने “हं” केलं, मागे जाऊन तो पुन्हा वाचला. प्रल्हादने हात मांडीखाली दाबून धरले होते.

“ह्यात दुखावण्यासारखं आहे काय?” ती कडाडली. “सगळं पटतंय असं नाही हो. देवदूताचं तर मी उद्या बोलणार आहे तुझ्याशी. पण छापायला काय धाड भरली होती? त्या धनंजयला कणा आहे की नाही? मी येते उद्या मंडळात. आख्खा लेख छापायचा म्हणजे छापायचा, शब्द हलता कामा नये!”

तिने दुसरं पान उलटलं आणि चष्मा वर सरकवला.

तिथे लिहिलं होतं, ‘माझी मोठी बहीण प्रेमळ आहे, पण तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही.’

“पेन दे,” अक्का म्हणाली.

तिने ते वाक्य तीनदा खोडलं, कागद फाटेपर्यंत. मग शांतपणे शेवटच्या ओळीवर आली: ‘आपण दुसऱ्याच्या श्रद्धेला नाक मुरडतो आणि आपल्या सवयीला धर्म म्हणतो.’

“व्वा!” तिने मांडीवर थाप मारली. “हे मात्र ठळक छापायला सांग. कळू दे लोकांना.”

“अक्का, हे कोणाबद्दल आहे ठाऊक आहे ना?”

“न कळायला काय झालं? हे वाचतील ना, त्यांच्याबद्दल.”