राहून गेलेली ओळ

अण्णांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. "छापलेली चूक माझ्या नजरेतून निसटणं शक्यच नाही!" असं ते दिवसातून एकदा तरी ऐकवत. घरातलं साबणाचं वेष्टनसुद्धा त्यांनी वाचल्याशिवाय केरात जात नसे. त्यामुळे सुनेच्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद हाती लागताच त्यांनी भिंग काढलं, लाल पेन्सिल कानावर खोचली आणि वाचायला बसले. तिसऱ्याच ओळीवर त्यांचं भिंग थबकलं.

'स्तनाच्या कर्करोगासाठी.'

ओळ त्यांनी चारदा वाचली. चूक सापडेना.

"कुणाला बोलू नकोस," असं बजावून त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं तसंच बजावून लेकीला सांगितलं. अण्णांनी मुलाला आडून विचारलं, "सूनबाईची तब्येत बरी आहे ना रे?" तो मान खाली घालून म्हणाला, "तिलाच विचारा." झालं! खात्रीच पटली!

दुसऱ्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. सुनेनं घासलेलं एकही भांडं सासूबाईंना आजवर पसंत पडलं नव्हतं. त्या आता मुकाट्यानं स्वतः भांडी घासू लागल्या. नणंद आपली आवडती शाल घेऊन आली. अण्णा पाण्याची बादली उचलायला धावले आणि कंबर धरून खाली बसले! चौथ्या दिवशी सासूबाईंनी सुनेचे केस विंचरायला घेतले. गळलेला पुंजका हातात आला आणि त्यांनी हंबरडाच फोडला.

"माझं आयुष्य तुला लाभो गं!"

"आई, अहो, झालंय तरी काय?"

अण्णांनी कागद पुढे केला. सून तो वाचून हसत सुटली.

"अण्णा, मला कर्करोग नाही! मला पीसीओएस आहे. पाळी वेळेवर येत नाही, केस गळतात, बीज तयार होत नाही. या गोळीनं ते होतं, म्हणून डॉक्टरबाई देतात. मूल व्हावं म्हणून."

"एवढंच ना?" अण्णा ओरडलेच. "अगं, एवढंच!"

सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. सुनेचं हसू मात्र थांबलं.

"पाच महिने झाले, अण्णा. आज सकाळीच कळलं, याही वेळी नाही."

त्या 'एवढंच'नं अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबंध नोकरीत त्यांनी दुसऱ्या कुणाचीही इतकी वाईट चूक पाहिली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी कागद पुन्हा भिंगाखाली धरला.

"यात मुलाचं कुठंच काही नाही गं."

"नसतंच, अण्णा. गोळी निघाली त्या आजारासाठी. आमच्यासारख्यांनाही उपयोग होतो, हे नंतर कळलं. कागदावर तेवढं आलेलं नाही."

"म्हणजे राहून गेलंय."

त्यांनी लाल पेन्सिलीनं गळलेल्या मजकुराची खूण केली आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'तसेच आमच्या सूनबाईला मूल व्हावे म्हणून.' मग कागद तिच्या हातात दिला.

"वाचता येतंय ना?"

"येतंय की," ती म्हणाली. डोळे इतके भरले होते, की तिला एक अक्षर दिसत नव्हतं.