नारकर काकांची पक्कड

आमच्या मजल्यावरचे नारकर काका दिवाळीपासून सकाळी फिरायला निघतात ते पायांत गमबूट घालून आणि गळ्यात सुतळीने पक्कड अडकवून. तुम्ही "गुड मॉर्निंग" म्हणा, उत्तर एकच, "शिरा पडो त्यांच्या तोंडार!"

शिवी आपल्याला नसते. कांजूरमार्गच्या आमच्या वसाहतीमागे पावसाळ्यात एक तळं साचतं, ते होळीपर्यंत टिकतं. तिथे पाणी प्यायला मुंगसं येतात आणि त्यांच्या वाटेवर कोणीतरी हलकट तारेचे फासे लावून जातो. कशाला, तर केसांसाठी. त्या केसांचे रंगाचे ब्रश बनतात. बंदी आहे म्हणे, पण बंदी काही चिखलात उतरत नाही. काका उतरतात, फासे तोडतात आणि आणून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टांगतात.

"काका, मुंगूसच ना ते, वाघ तर नाही!" सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाला.

"मेल्या, वाघ असता तर पहिला तुलाच खाल्ला असता!"

काकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत त्यांच्या अक्षराला मान होता. पण तळ्याकाठी त्यांनी लावलेली पाटी बघून आम्ही हसलो. 'फासे लावणाऱ्याचं वाटोळं होवो' हा मजकूर झकास, पण अक्षरं जाडीभरडी आणि कडा विस्कटलेल्या. हात गेला काकांचा, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणालो.

गेल्या रविवारी मात्र कहर झाला. मागच्या अंगणात मी कपडे वाळत घालायला तार बांधली होती. उरलेलं टोक वेटोळं करून झुडपाशी सोडलं, एवढीच माझी चूक. काकांनी अख्खी तार तोडली. धुतलेल्या चादरी चिखलात! माझं डोकंच फिरलं. तसाच वर गेलो आणि दार बडवलं.

"काका, फासा कुठला नि वाळवणाची तार कुठली, एवढं पण कळेना का तुम्हाला?"

उलट शिवी येईल म्हणून मी तयारीत होतो. काका आत गेले आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. आत ब्रश होते, बारीक, तपकिरी केसांचे.

"हात लाव."

लावला. फार मऊ होते.

"मुंगसाचे. चाळीस वर्षं पाट्यांवरच्या लक्ष्मीचे डोळे ह्यांनीच रंगवले. केस येतात कुठून, कधी विचारलं नाय. दिवाळीत तळ्यावर फाशात एक मेलेलं मिळालं. सोडवायला शेपटीला हात लावला, तर बोटांनी ओळखलीच ना रे!"

मी ब्रश परत डब्यात ठेवला.

"टाकवत नाय, वापरवत नाय. नायलॉनच्या ब्रशाने अक्षर येत नाय माझं."

मला अजून रागच आला होता, पण आता तो कोणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलो. मेलेल्या मुंगसाची जोडीदारीण दिवाळीपासून दिसलेली नाही. काका रोज तिचीच वाट बघतात. लहानपणी मुंगूस दिसावं म्हणून आपण सगळे म्हणायचो, ते मला आठवलं.

"काका, म्हणा ना, मुंगसा मुंगसा तोंड दाखव."

"तू म्हण," काका हळूच म्हणाले. "माझं नाय ऐकायची ती."

मी म्हटलं, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ." झुडपात काहीच हललं नाही.

काका पक्कड मुठीत धरून तसेच उभे होते.

"परत म्हण," ते म्हणाले.